चांदीचं पाणी

त्यानं पदक हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि नखानं खरवडलं. आमच्यासमोर. विचारलंसुद्धा नाही.

नवा रायपूरमधलं एसी सभागृह. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं झाली म्हणून आपणहून लढायला गेलेल्यांच्या वारसांचा सत्कार. समितीचा सचिव मराठीच. घरी येऊन बोलावून गेला होता, "आपल्या मराठी माणसाचा मान आहे, काका." बाबांनी रेल्वेतून रिटायर होताना शिवलेला कोट घातला होता.

खरवडलं तिथून चांदी गेली. खाली तांबूस रंग.

"काका, हे तर काशाचं आहे," सचिव म्हणाला. "शिपायांना चांदीचं देत होते. काशाचं नौकर लोकांना. गोल बाजारातून पाणी चढवून आणलं का?"

टेबलाशी बसलेले हसले. त्यानं पदक त्यांच्याकडे सरकवलं. "देखो भैया, किनारे का नाम भी घिस डाला है."

मी तडकले. "तोंड सांभाळून बोला. माझा पणजोबा शिपाई होता. बसऱ्याला लढला."

बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तेही बोलतील. बाबा स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

सचिवाचा आवाज एकदम मऊ झाला. "जाऊ दे बेटा. बोर्डावर छापलं आहे ते राहू देतो, डोमाजी, शिपाई. कोणाले समजते? फक्त मंचावर नको. मागच्या लाईनीत बसा. आणि हे खिशातच ठेवा."

मी बाबांना हाताला धरून बाहेर आणलं. बाहेर हा रुंद रस्ता, गाड्या सुसाट, बसचा पत्ता नाही. स्टॉपवर आम्ही दोघंच.

"मीच चढवलं पाणी," बाबा म्हणाले. "चवथीत होती तू. शाळेत न्यायचं म्हणून रडून राहिली होती. काठावर इंग्रजीत लिहून होतं, स्वीपर. त्याच्यापुढं डोमाजीचं नाव. स्वीपर घासाले गेलो, तं नावबी गेलं."

मी ते पदक शाळेत नेलं होतं. माझ्या पणजोबानं बंदूक चालवली, असं पूर्ण वर्गाला सांगितलं होतं. पुढं मोर्चात सांगितलं. पत्रकात छापलं. 'आम्ही या देशासाठी रक्त सांडलं,' ही माझी पहिली ओळ असायची. खोट्यावर उभी राहून मी लोकांना खरं बोला म्हणत होते. आणि ते खोटं मला माझ्या बापानं दिलं होतं.

मग बाबांनी सगळं सांगितलं. आजोबांनी त्यांना सांगितलं तसं. गावात डफडं वाजवत भरतीवाला आला. म्हणाला, सरकार बंदूक देईल, वर्दी देईल, तिथं जात कोणी विचारत नाही. डोमाजीला कोणी धरून नेलं नाही. स्वतःच्या पायानं नागपूरपर्यंत चालत गेला. तिथं पहिला सवाल जातीचा. जहाजातून उतरल्यावर हातात झाडू. गोऱ्यांचे संडास आणि आपल्याच शिपायांचेही. ते शिपाई त्याला पाणी वरून ओतत. इथून समुद्र ओलांडून गेले, तेवढं मात्र विसरले नाहीत.

म्हातारपणी डोमाजी पोराला म्हणे, "बंदूक मी दुरून पाहिली."

"काहून लपवलं, बाबा?"

"झाडूची लाज वाटे, पोट्टी."

"लाज आपल्याले काहून? ज्यानं दिला त्याले वाटाले पाहिजे."

बाबांनी पदक कोटाच्या खिशात ठेवलं. मी त्यांना तिथंच बसवलं आणि परत आत गेले.

सचिव माईक तपासत होता. मी म्हटलं, "शिपाई खोडा. झाडूवाला लिहा. बंदूक मागायला गेला होता, जात पाहून झाडू दिला, तेही लिहा."

"बेटा, हा गौरवाचा कार्यक्रम आहे. वातावरण खराब नको करू."

"मग नाव काढा."

"आता प्रिंट झालं आहे."

टेबलावर मार्कर होता. मी उचलला. बोर्डावर गेले आणि 'शिपाई' हा शब्द आडवा खोडला. खाली 'झाडू' एवढंच लिहून झालं, तोवर दोघांनी दंड धरला. दाराबाहेर काढलं. मागून कोणीतरी म्हणालं, "इन लोगों को इज्जत दो, तो भी पचती नहीं."

ही इज्जत? तुमच्या सोयीचं खोटं आम्ही गिळायचं आणि वर मागच्या लाईनीत बसून टाळ्या वाजवायच्या?

रविवारी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बुद्धविहारात मी हे सगळं उभं राहून सांगणार आहे. माझ्या जुन्या पत्रकातली ती ओळ खोटी होती, इथून सुरुवात करून. बाबा म्हणाले, "मी नाही येणार. लोकं थुंकतील आपल्यावर." नका येऊ. तुमचं दुःख मला समजतं, पण तुमच्यासाठी मी गप्प बसणार नाही. पाऱ्यात अजून किती घरांत असे 'शिपाई' आहेत, ते मी दार वाजवून विचारणार आहे. मग ती सगळी नावं, त्यांच्या खऱ्या कामासकट, घेऊन त्याच सभागृहात जाणार आहे. सत्कार मागायला नाही. बंदूक कोणाला, झाडू कोणाला, हे कोणी ठरवलं, ते विचारायला.