कल्याणकरांची खुर्ची

आम्हीपंतांनी उभ्या आयुष्यात 'मी' हा शब्द चारचौघांत एकदाच उच्चारला, आणि नेमका तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एरवी ते 'आम्ही' होते. ठाण्यात ते एकट्याच्या बळावर 'बोधतुषार' नावाचं पाक्षिक काढत. स्वतःच लिहीत, शिळाछापखान्यात उभं राहून छापून घेत, स्वतःच घड्या घालून टपालात टाकत. पत्रकर्त्यानं स्वतःला 'आम्ही' म्हणावं हा रिवाजच आहे. पण बाकीचे लेखणी खाली ठेवली की एकवचनात येतात. पंत जेवायलाही अनेकवचनातच बसत. "आम्हांस भूक लागली आहे," असं ते म्हणाले की काकू आतून विचारीत, "आम्ही म्हणजे किती जण? तेवढा भात टाकते."

मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. माझं अक्षर बरं, म्हणून पंतांचा मजकूर चिकट शाईनं खास कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तो कागद शिळेवर दाबला की अक्षरं तिच्यावर उमटत. मोबदला म्हणून काकूंच्या हातचं जेवण. मी आता पंतांची थट्टा करणार आहे, तेव्हा हे आधी सांगितलेलं बरं. त्यांचं मीठ मी पुष्कळ खाल्लं आहे.

त्या पत्रात काय नसे? मासुंद्याच्या तळ्यातलं शेवाळ, युरोपातली युद्धं, खाडीवरचे डास, आत्म्याचं अमरत्व आणि पंतांचं अजीर्ण, सगळं एकाच अंकात आणि एकाच गंभीर स्वरात. 'आमच्या उदरी परवापासून जी अस्वस्थता आहे, तिजविषयी वाचकांनी चिंता करू नये.' वाचक चिंता करीत नसत, कारण ते वाचतच नसत. पंतांची वाक्यं एवढी लांब की कर्ता या अंकात भेटे आणि क्रियापद पुढच्या.

पत्राला पत्रं येत नाहीत, हे पंतांचं खरं दुखणं. एकदा ते मला म्हणाले, "अरे, वादाशिवाय पत्र म्हणजे अळणी आमटी. कुणीतरी आमच्यावर तुटून पडलं पाहिजे."

"कोण पडणार, पंत?"

"आम्ही," पंत म्हणाले.

अशा रीतीनं 'एक कल्याणकर' जन्माला आले. कल्याण अशासाठी की ठाण्याच्या लोकांना कल्याणचा माणूस आगाऊ असणार हे आधीच पटलेलं होतं. गाडी रोज जात होती, पण कुणाचं मत खरं की खोटं हे पाहायला कोणी तिकीट काढत नाही.

चमत्कार असा की कल्याणकर पंतांहून चांगलं लिहीत. त्यांना विद्वत्ता सांभाळायची नव्हती. विधवांचं केशवपन बंद व्हावं, असं पंतांनी सात समास जोडून प्रतिपादन केलं, तेव्हा कल्याणकरांनी एका ओळीत उत्तर दिलं: 'धनी गेलेल्या घराला तोरण कशाला?' बस. ठाण्यात तो अंक हातोहात फिरला. देवळात, कोर्टात, भाजीवालीपाशी, जिथं तिथं तोरण. मीही ते वाक्य कचेरीत वापरून हशा मिळवला. पंत वरवर रागावले, पण त्या दिवशी त्यांनी भात दोनदा मागून घेतला. कल्याणकर मग प्रत्येक अंकात येऊ लागले. पंत त्यांच्याकडून सपाटून मार खात आणि सुखानं झोपत.

मग पंतांचा जावई तापानं गेला. सासरच्यांनी पंधरा वर्षांच्या गोदीला माहेरी आणून पोचवलं. घरात थोरले भाऊ दादा यांचा शब्द चाले. त्यांनी न्हाव्याचा दिवस ठरवला. पंत विरोध करायला उभे राहिले, तर दादांनी कोनाड्यातला 'बोधतुषार'च काढून पुढे ठेवला. "हे बघ. तुझ्याच पत्रात तुला उत्तर देता आलेलं नाही. कल्याणकर काय म्हणतात ते वाच."

ओटीवर भटजी होते, आमच्या कचेरीत ज्यांचा मोठा दबदबा ते वकीलसाहेब होते, मी होतो. पंतांनी तो अंक मिटून बाजूला ठेवला. मग ते म्हणाले, "तो कल्याणकर मी आहे."

वकीलसाहेबांना दया आली. "पंत, असं काय करता? मी भेटलोय ना त्यांना. शहाडला, एका लग्नात. चांगले उंच आहेत. बोलतातही मोजकं. तुमच्यासारखे नाहीत हो."

"बापाचं काळीज आहे, समजतो मी," दादा म्हणाले. "पण दुसऱ्याची विद्वत्ता आपल्या नावावर घालू नये."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांग यांना. तूच उतरवतोस."

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं आणि म्हणालो, "मी फक्त अक्षर काढतो."

मी असं म्हणालो, हे आजवर कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. जपाची माळ ओढताना मात्र ते मधेमधे येतं.

पंत माजघरात जाऊन बसले. काकू चुलीपाशी होत्या. त्या वळल्याही नाहीत. "तुमचं कोण ऐकतंय? त्या मेल्या कल्याणकराला सांगा की लिहायला."

दुसऱ्याच दिवशी एकपानी जादा अंक निघाला. मीच उतरवला, आणि त्या दिवसाइतकं चांगलं अक्षर मला पुन्हा काढता आलं नाही. 'मी तोरण काढा म्हणालो होतो,' कल्याणकरांनी लिहिलं होतं. 'कौलं उतरवा असं कुठं म्हणालो? पावसाळ्यात आतल्या माणसानं राहायचं कुठं?'

दादांनी तो अंक उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. तोरण म्हणजे दागिने आणि कौलं म्हणजे डोईचे केस, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, "मला ठाऊकच होतं. मनानं फार मऊ आहेत ते." न्हावी ओटीवरून परत गेला. पंतांच्या सात समासांना जे जमलं नव्हतं, ते दोन ओळींत झालं. पंतांचं अभिनंदन कुणी केलं नाही. ते हरले, असंच सगळ्यांचं मत पडलं.

संध्याकाळी गोदी वेणी घालत होती. ती म्हणाली, "बाबा, कल्याणकरांना माझा नमस्कार कळवा. आणि म्हणावं, पुन्हा काही लिहायच्या आधी घरात विचारत जा."

पंतांनी कल्याणकरांना पुन्हा लिहू दिलं नाही. लोक विचारत, "काय हो, कल्याणकर रुसले का?" पंत म्हणत, "आमचं त्यांच्याशी पटेना." मग लोकांनी अंक घेणं सोडलं, आणि एका दिवाळीनंतर 'बोधतुषार' बंद पडला. मरेपर्यंत पंत घरात 'आम्ही'च म्हणत, पण फार हळू आवाजात, आणि काकू किती जण ते विचारीनाशा झाल्या.

पंत गेले तेव्हा वाचनालयाच्या माडीवर शोकसभा झाली. अध्यक्षस्थान कुणाला द्यायचं यावर मतभेद झालाच नाही. कल्याणला निरोप धाडल्याचं वकीलसाहेबांनी सांगितलं. मधोमध खुर्ची मांडली, तिच्यावर हार ठेवला, आणि आम्ही सगळे जिन्याकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळानं वकीलसाहेब म्हणाले, "गाडी चुकली असेल."

सांगायची वेळ हीच होती. मी उठलो. माणसं माझ्याकडे पाहू लागली. मी खुर्चीपाशी गेलो, ती जराशी वाकडी होती ती सरळ केली, आणि परत येऊन बसलो.