आईच्या कुरडईचं पाणी

आमच्याकडं लग्नाच्या रुखवतात कुरडया लागतात, आणि त्या नवरीच्या आईच्या हातच्या लागतात. बाकीचं हल्ली वडवणीच्या बाजारात तयार मिळतं. पण कुरडई बायका हातात घेऊन बघतात, कोपरा मोडून बघतात, आणि मग नवरीच्या घराबद्दल काय ते बोलतात.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आईला लकवा मारून वर्ष झालं होतं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, ‘हां’. बहीण फोनवर म्हणाली, “ताई, कुरडया तूच कर. पण आईसारख्या कर बरं का.”

मी सुरतेला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. माझी शाळा सातवीला सुटली. आई-बाप ऊसतोडीला जायचे आणि मागं धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं. सर्टिफिकिट असं माझ्याजवळ काही नाही, पण परक्या गावात कुणापुढं हात पसरावा लागला नाही, तो आईमुळं. भाकरी, शेवया, पापड, फाटक्याला ठिगळ, ओल्या लाकडांवर चूल कशी पेटवायची, सगळं तिनं शिकवलं. राहिला तो कुरडईचा चीक. शिजताना तो रटरटतो, अंगावर उडतो. “लांब हो, भाजशील. पाखरं हाकल जा,” म्हणून ती मला वाळवणाकडं पिटाळायची. नंतर सोऱ्या माझ्या हातात द्यायची, आणि मला वाटायचं आपल्याला कुरडया येतात.

मेसच्या मालकिणीनं सुट्टी दिली. तुझी जागा दुसरीला देणार नाही, असंही बिचारीनं आपणहून सांगितलं. तरी पूर्ण प्रवासात मला धास्ती. गहू आंबायला तीन दिवस, वाळायला दोन, आणि वरून आभाळ यायला लागलेलं.

बहिणीनं गहू आधीच भिजवून ठेवला होता. दळला, फडक्यातून गाळला, रात्रभर निवळू दिला. पहाटे वरचं पिवळं पाणी ओतलं तर खाली पांढराशुभ्र चीक बसलेला. शेजारची चुलती मदतीला आली होती. आईला आम्ही चुलीजवळ बाजेवर बसवलं.

आता चिकाला पाणी किती, हा सगळा प्रश्न. आईच्या कुरडया केसासारख्या बारीक आणि तळल्या की ताटभर फुलायच्या. ती पाणी चुलतीपेक्षा जास्त घ्यायची, एवढं चुलतीलाही ठाऊक होतं. किती जास्त, ते आईच्या डोळ्यांत होतं.

मी आधणाचं भांडं तिच्यापुढं धरलं. “आई, एवढं?”

“हां.”

“अजून थोडं टाकू?”

“हां.”

“अजून?”

“हां.”

चुलती म्हणाली, “अगं बाई, तिला कावून इचारतीस? ती चहा घ्यायचा का म्हणलं तरी हां, आन् उनात टाकू का म्हणलं तरी हांच म्हणती.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आल्यापासून मी तेच ऐकत होते. पण कुरडईच्या बाबतीत आई चुकेल, हे माझ्या मनाला पटेना. प्रत्येक ‘हां’ला मी तांब्या वाकडा करत गेले.

अर्धा चीक शिजवला. तो ओल्या बोटाला चिकटेनासा झाला, चकाकला. सोऱ्यातून तार बारीक पडली तशी बहीण म्हणाली, “बघा, आईचीच!” संध्याकाळी उचलायला गेलो तर एकही कुरडई अख्खी उठेना. हात लावला की चुरा.

मी त्यातला एक तुकडा आईच्या डाव्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात टाकला, चावला, कपाळाला आठी घातली आणि थू करून टाकून दिला. अगदी पूर्वी दुसऱ्याची कुरडई टाकायची तसा. चुलती हसत सुटली. “घ्या! बोलता येईना, पर नावं ठेवणं सुटलं न्हाई. माझ्या कुरडईला ही चऱ्हाट म्हणायची, चऱ्हाट!” बहीण हसली, मीही हसले. मग गोठ्यामागं जाऊन तोंड धुतलं.

कारण मला तेव्हा कळलं की तिला सगळं कळतंय. शब्द गेलेत, जीभ शाबूत आहे. पाणी कमी-जास्त करून मी थोडा थोडा चीक शिजवला असता आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिले असते, तर पाचव्या-सहाव्या घाण्याला तिचं माप सापडलं असतं. 

मी तसं बोलून दाखवलं. चुलती चुऱ्याचं टोपलं भरत होती. तो भिजवून त्याची भाजी होते, वाया काही जात नाही. ती वर न बघता म्हणाली, “अर्धाच चीक ऱ्हायलाय, पोरी. दुसरा गहू न्हाई घरात. लग्नात रिकामं ताट मांडतीस का?”

तिचं बरोबर होतं. शिकायलासुद्धा नासवायला काहीतरी लागतं, आणि ते आमच्या घरात कधीच नव्हतं. आई मला चुलीपासून लांब का ठेवायची, ते मी आजवर भाजण्याच्या भीतीवर घालत होते. त्यात गव्हाचीही भीती असणार. पोरीच्या हातून एक भांडं बिघडलं तर वर्षाच्या कुरडया गेल्या.

दुसऱ्या पहाटे चुलतीनं पदर खोचला आणि आपल्या मापानं पाणी घातलं. कुरडया जाड आल्या, कडक वाळल्या, एक मोडली नाही. त्यातली एक तळून आईला दिली. तिनं ती गुमान खाल्ली. चुऱ्याच्या वेळची ती आठी मला अजून आठवते. ह्या वेळी कपाळावर काहीच उमटलं नाही.

रुखवत चांगलं मांडलं. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं कुरडई मोडून बघितली आणि मान डोलावली. चुलतीचे उपकार मी विसरणार नाही. तिच्यामुळं बहिणीची मान वर राहिली.

सासरी निघायच्या आधी बहीण मला आत घेऊन गेली. “ताई, पुढच्या उन्हाळ्यात मला सासरी कराव्या लागतील. पाण्याचं सांग ना.”

मी तिला सांगितलं. चीक जेवढा, पाणी तेवढंच. मीठ आधणात. एका हातानं ओत, दुसऱ्यानं हाटत राहा, थांबू नको.

“अशाच करायची ना आई?”

“नाही,” मी म्हणाले. “ह्या काकूच्या आहेत. आईच्या मला येत नाहीत.”