तूप अंगी लावणारी मुलखैरी

मुलखैरीच्या हाताखालून गेलेली मुलगी दुरूनच ओळखू यायची. चालताना मांडीला मांडी घासायची, दंडांवर चामडी ताणल्याचे पांढरट वळ असायचे, आणि एकदा बसली की उठायला दोघींचा आधार लागायचा. वाळवंटी मुलखातल्या तगांतच्या पठारावर यालाच रूप म्हणत. मुलगी हडकुळी निघाली, तर तिच्या बापाच्या गाई भाकड आहेत असं लोक उघड बोलत. अशा मुली जाड करून देणं हा मुलखैरीचा धंदा होता आणि चाळीस वर्षं तिनं तो इमानेइतबारे केला. ती दुष्ट असती तर हे सांगणं मला सोपं गेलं असतं.

तिला स्वतःला सातव्या वर्षी असंच जाड केलं होतं. उजव्या पायाचं दुसरं बोट तेव्हा, दूध प्यावं म्हणून आवळलेल्या काठ्यांत सापडून मोडलं, ते कायमचं वाकडंच राहिलं. नव्या मुलीला ती पहिल्याच दिवशी ते बोट दाखवायची आणि म्हणायची, "यानंच मी बाई झाले." साठीला आली तोवर तिचे गुडघे पार गेले होते. तंबूत ती बसल्या बसल्याच सरकायची, पण दरारा असा की आजूबाजूच्या तंबूंतल्या म्हाताऱ्याही तिच्यापुढे दबून बोलत.

शरीराचं तिचं एक शास्त्र होतं. पहिल्या आठवड्यात दूध नुसतं वाहून जातं. दुसऱ्या आठवड्यात पोट भांडायचं सोडतं. तिसऱ्या आठवड्यात तूप धरतं. आधी गालांवर, मग दंडांवर, मग कमरेवर. तंबूमागे जिथं मुलगी शौचाला बसून यायची, तिथं मुलखैरी रोज सकाळी सरकत सरकत जायची, काडीनं वाळू उकरून बघायची आणि त्यावरून दिवसाचं माप ठरवायची. मुलींना चालायची बंदी होती. शेळी तंबूत शिरली तरी तिला हाकलायला उठायचं नाही. "हललीस की वितळलं," एवढंच ती म्हणायची, आणि त्यात ती चुकत नव्हती.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता, गाई दुधावर होत्या. तेकबेर आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, नेबगूहाला, घेऊन आली. तेकबेरलाही मुलखैरीनंच जाड केलं होतं. तिच्या पायाचे अंगठे अजून बधिर होते. नेबगूहाची सोयरीक किफा गावाकडच्या एका घरात ठरत आली होती.

"आजी, पोर तुमच्या ओटीत घातली," तेकबेर म्हणाली. "चाळीस दिवसांनी पाहुणे येतील. नाही आवडली तर ते माझ्या जावेच्या पोरीला मागणी घालतील, ती बया टपूनच बसलीय."

"तुला मी चार महिन्यांत एवढी जाड केली की तंबूच्या दारातून आत घेता येईना, विसरलीस?"

"म्हणून तर आले. फक्त एक आहे, हिची नाटकं फार. मनावर घेऊ नका."

या शेवटच्या वाक्यानं त्या पोरीचा घात केला. मुलखैरीनं ते मनावर घेतलंच नाही.

उजाडताच दुधाचं पहिलं लाकडी वाडगं. ते एवढं मोठं की त्यात तान्हं मूल बसावं. मग बाजरीच्या पिठाची पेज, तिच्यावर बोटभर तूप. दुपारी परत दूध, संध्याकाळी रव्यासारखं कुस्कुस आणि पुन्हा तूप. पोरगी ओकली की ओकलेलं वाडग्यात धरायचं आणि परत पाजायचं. नाही म्हटलं की दोन काठ्यांच्या बेचक्यात पायाचं बोट घालायचं आणि टोकं आवळायची. किंचाळायला तोंड उघडतं, तेवढ्यात वाडगं लावायचं. हे सगळं मुलखैरी न रागावता करायची, जशी एखादी बाई भांडी घासते.

बाराव्या दिवशी नेबगूहानं उजव्या फासळीखाली हात धरला.

"आजी, इथं दुखतं."

"सगळ्यांचंच दुखतं गं."

"तूप प्यायलं की दुखतं. दूध प्यायलं की एवढं नाही."

"अगं बाई, पोटाला आता चवही कळायला लागली वाटतं," मुलखैरी म्हणाली आणि काठ्या जवळ ओढल्या.

चार दिवसांनी वाळूत जे दिसलं ते तिनं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मळ मातीसारखा करडा, तेलकट, उन्हातही न वाळणारा. काडी वर काढली तर काडीला तूप लागलेलं. दुसरं कुणीही घाबरलं असतं. मुलखैरीला अपमान वाटला. तिचं तूप ही पोर जसंच्या तसं बाहेर टाकत होती.

"तुझं पोट चोर आहे," ती म्हणाली. "पण माझ्यापुढे नाही टिकायचं." त्या दिवसापासून तिनं तूप दुप्पट केलं.

मग नेबगूहाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला. हळूहळू तो गालांवर, तळहातांवर उतरला. मुलखैरीनं तिला उजेडात बसवून नीट पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. तूप धरलं होतं. त्याचा रंग कातडीवर चढला होता. तिनं शेजारणींना बोलावून आणलं. त्यांनी पोरीचा चेहरा हातांत धरून, इकडून तिकडून वळवून पाहिला. "कशी तुपाळ दिसतेय," एक म्हणाली. दुसरीनं आनंदानं जीभ हलवून लांब हाळी दिली. पोट फुगत चाललं होतं, तेही सगळ्यांना दाखवलं. दंड मात्र काटकुळे होत होते. "काहींचं पोटापासून सुरू होतं," मुलखैरी म्हणाली आणि अंगाभोवती गुंडाळलेल्या मलहफ्याचा पदर पोरीच्या दंडांवर ओढला.

पोरीला अंगभर खाज सुटली होती. नखांनी ती रक्त काढायची. पाहुण्यांपुढे ओरखडे दिसले तर काय, म्हणून मुलखैरीनं तिचे हात कापडाच्या पट्टीनं बांधून ठेवले. आता पोरगी रडतही नव्हती. खालच्या आवाजात एकदा एवढंच म्हणाली, "आजी, आईला सांगा मी जाड झाले. मला घरी न्यायला सांगा."

"झालीस की सांगेन."

तेहेतिसाव्या दिवशी ती तापानं फणफणली. वाडगं तोंडाला लावलं, दूध ओठांवरून गळ्यात ओघळलं. मुलखैरीनं बोट काठ्यांत घालून आवळलं. नेबगूहानं पाय मागे घेतला नाही. मुलखैरीनं आणखी आवळलं. मग काठ्या तिच्या हातातून पडल्या आणि तिनं पिकअपसाठी माणूस धाडला.

गावातला दवाखाना चार तासांवर होता. तिथला इसल्मू कंपाउंडर, पण लोक त्याला डॉक्टरच म्हणत. त्यानं पापणी खाली ओढली, पोट चाचपलं आणि विचारलं, शौचाला कशी होत होती. मुलखैरीनं दिवसागणिक सगळं सांगितलं, रंगासकट. एवढं नेमकं त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तो स्टुलावर बसला. त्यानं सलाईन लावलं, सुई दिली, जे होतं ते केलं. दुपार कलायच्या आत नेबगूहा गेली.

"आजी," तो म्हणाला, "तूप पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं असं नाही. पाण्यावर तूप कसं तरंगतं, तसं ते आतही तरंगतं. यकृतातून पित्त येतं, ते तुपाचे बारीक बारीक थेंब करतं. तेव्हा कुठं ते फुटतं आणि आतडं त्याला आत घेतं. मग अंग हवं तेवढं जाळतं, उरलेलं साठवून ठेवतं. हिच्या पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता."

"मग एवढं तूप गेलं कुठं?"

"बाहेर. तुम्ही रोज बघतच होता. आणि अडलेलं पित्त रक्तात चढलं, शेवटी आतच सडलं, त्याचाच हा ताप. तो पिवळा रंग तुपाचा नव्हता, पित्ताचा होता. प्रत्येक वाडग्यासरशी पित्ताची पिशवी आवळली जात होती आणि खडा रुतत होता. पोर खरं सांगत होती."

त्यानं पोरीच्या दंडांवरचा पदर बाजूला केला.

"तूप पाजून पाजून तुम्ही तिला जवळजवळ उपाशीच ठेवलंत. जाळायला पुरेसं मिळेना, म्हणून अंग स्वतःचीच चरबी जाळत राहिलं. दंड बघा तिचे. सुरुवातीलाच आणली असती तर शहरात खडा काढला असता."

परतताना मुलखैरी पिकअपच्या मागच्या भागात त्या गुंडाळलेल्या पोरीशेजारी बसली. चाळीस वर्षांतल्या किती पोरी "इथं दुखतं" म्हणाल्या होत्या, ते ती आठवत होती, आणि आठवू नये म्हणून झटतही होती.

चौथ्या दिवशी ती तेकबेरच्या तंबूत गेली. दोन बायकांनी धरून तिला आत नेलं. कधी कुणापुढे मान न झुकवलेली ती बाई तेकबेरच्या पायांशी बसली. तिनं सगळं सांगितलं. खडा, पित्त, करडा मळ, पिवळा रंग, बांधलेले हात. काही लपवलं नाही. "मी मारलं तिला," ती म्हणाली. "पोर सांगत होती आणि मी पाजत होते."

तेकबेर रडून रडून सुजली होती. तिनं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे पुसले.

"पाहुण्यांचा निरोप आलाय," ती म्हणाली. "त्यांना धाकटीही चालेल. महिना थांबतो म्हणाले."

मागे कनातीला टेकून सात वर्षांची लेमिना उभी होती. तेकबेरनं तिचं मनगट धरून तिला पुढे ओढलं.

"तुम्हाला आता कळतं ना आजी, कुणाचं पचतं आणि कुणाचं नाही ते? मग हिचं तेवढं बघून घ्या."

मुलखैरीनं पोरीकडे पाहिलं. नाही म्हणायची एवढी मोठी संधी तिला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. तिनं लेमिनाची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. डोळा पांढराशुभ्र होता.

"हिचं पचेल," ती म्हणाली.