बारशाआधीचं वजन

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको चारचौघांत सांगते. ही एक गोष्ट मात्र तिलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, ती आता हयात नाही.

मागच्या महिन्यात नगरला समारंभ झाला. वैद्यकीय संशोधनाला हातभार लावूनही ज्यांची नावं कुठे आली नाहीत, अशा दिवंगतांचा सरकारी गौरव. आमच्या नवजात बाळांच्या अभ्यासातली सुईण, कौसाबाई, त्यांत होती. शिफारस माझी, मानपत्राचा मजकूरही माझाच. लोक म्हणाले, डॉक्टर, तुम्ही विसरला नाहीत. कसा विसरेन?

खर्ड्याच्या बाजूच्या त्या गावात आम्ही झोळीचा काटा घेऊन गेलो, तेव्हा एकही घर दार उघडेना. बारशाआधी लेकरू तोललं की दृष्ट लागते, अशी तिथली समजूत. मी तरुण, पुण्याहून शिकून आलेला. बायकांपुढे भाषणं ठोकायचो. पालथ्या घड्यावर पाणी. गावातली निम्मी बाळं कौसाबाईच्या हातांवर जन्मलेली — बौद्धवाड्यातली आणि वरच्या आळीतलीही. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सायेब, बोलून काय व्हायचं न्हाई. माज्या नातीपासनं लावा काटा."

तिची लेक सुनीता पहिल्या बाळंतपणाला आलेली. समाजमंदिरासमोर लिंबाच्या फांदीला काटा टांगला, बायका गोळा झाल्या. कौसाबाईनं स्वतःच्या हातांनी पोर झोळीत ठेवली.

काटा दोन किलोपर्यंतही गेला नाही. पोरीचे पाय गार लागत होते. अशा बाळाला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं — एवढं मला कळत होतं. कळत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

पण तसं बोललो असतो तर? काटा लावला आणि लेकरू दवाखान्यात गेलं, हेच गावानं धरलं असतं. अभ्यास तिथेच आटोपला असता. मी हसलो — हो, हसलो — आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, पोरगी ठणठणीत आहे.

उद्या गुपचूप जीप आणू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं का? आता सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी घरं आपणहून बोलवायला लागली. मी काटा घेऊन या दारातून त्या दारात, खुशीत. कौसाबाईच्या घरावरून जात-येत होतो. आत गेलो नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी पोर गेली. नाव ठेवायचं राहिलंच.

आता गाव आपल्याला हाकलणार, असं मला वाटलं. बायका कुजबुजत होत्याच. कौसाबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. "काट्याला बोल लावू नका," म्हणाली. "सायेबांनी बघितली हुती तिला. चांगली हुती." पुढे कितीतरी वर्षं ती झोळी खांद्याला अडकवून माझ्यासोबत गावोगाव फिरली.

कमी वजनाचं बाळ वेळेत ओळखलं तर वाचतं — हे आमच्या अभ्यासानं दाखवून दिलं. त्यावर मी कुठे कुठे जाऊन बोललो.

समारंभात मानपत्र मीच वाचलं. 'स्वतःच्या नातीपासून सुरुवात करून' या शब्दांवर टाळ्या पडल्या. आईच्या वतीनं सुनीता व्यासपीठावर आली, केस पिकलेली. खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, ती चांगली हुती ना? मग माज्या हातनं काय चुकलं, ते मला आजून कळंना."

इतकी वर्षं ती हे घेऊन बसली होती. आणि मी समोर उभा होतो. बाकी कुणी ऐकत नव्हतं.

मी म्हणालो, "जुनं उगाळू नकोस, सुनीता."

तिनं मान डोलावली, मानपत्र पिशवीत घातलं आणि जामखेडची एसटी धरायला निघून गेली.