उजवी पाकळी

आमच्या घरात एकच सरकार होतं आणि ते सासरे चालवायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. भाताची लावणी कधी, पोदेराकडून पाव किती घ्यायचे, सुनेने माहेरी किती राहायचं, हे नियम त्यांचे. ते पाळले जातात की नाही हे बघणारे तेच, आणि चुकलं कोण हे ठरवणारेही तेच. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

मी पेडण्याच्या एका मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. बीएड झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती. त्या वर्षी पणजीला मला बीएडची जागा मिळाली. वर्षभर वसतिगृहात राहायचं होतं आणि ठरल्या तारखेच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घर चोपड्याला, नदीच्या काठावर. स्वयंपाकघराच्या जनेलातून शिवोलीला जाणारी फेरीबोट दिसायची. दिवसभर माणसं चढायची, उतरायची, आणि मी इकडे नारळ खवत बसलेली.

गोव्याला नुकतंच राज्य मिळालं होतं. त्याआधी राजभाषा कोकणी की मराठी यावरून रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती, एका पंगतीला जेवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मामा पक्के मराठीवाले. भाषेचं त्यांच्या मनासारखं झालं नाही, पण राज्य मिळाल्याचे पेढे त्यांनी वाटले. पेढ्यांबरोबर नेहमीची गोष्टही आली. पोर्तुगीज अमदानीत गावावर सरकारने नेमलेला एक अधिकारी, रेजिदोर, होता. देवळाजवळ चार माणसं जमायची नाहीत असा हुकूम त्याने काढला, त्यानेच मामांना धरलं, त्यानेच गुन्हेगार ठरवलं आणि तळहातावर लाकडी पळीने मारलंही त्यानेच.

"गाराणा घालूचा तरी कोणाकडे?" मामा तळहात पुढे करून म्हणायचे. "मारणारो तोच, आयकणारो तोच!"

हे सांगताना त्यांचा आवाज अजून कापायचा. मला त्यांची कीव यायची आणि त्याच वेळी हसूही यायचं. घरात तरी वेगळं काय होतं?

शाळा सुरू झाल्यावर मी नेमका तोच धडा घेतला. इंग्लंडच्या राजाने कायदा, कारभार आणि न्याय मुठीत धरून ठेवला होता, लोकांनी भांडभांडून त्याचं एकेक बोट सोडवलं. ते बघून फ्रान्समधल्या एका न्यायाधीशाने लिहून ठेवलं, की तिन्ही सत्ता एका हाती गेल्या तर माणूस मोकळा राहत नाही. मुलं जांभया द्यायला लागली म्हणून मी देवळाचं उदाहरण घेतलं. आमच्या गावात अडल्या गोष्टीला देवाचा कौल लावतात. गाऱ्हाणं घालतो गावकार, म्हणजे गावचा मानकरी, ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतो गुरव, आणि निकाल दोघांच्याही हातात नसतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने पाकळीला हात लावायचा नाही. ही रीत त्या फ्रेंच न्यायाधीशाला विचारून कोणी घातली नव्हती. मुलांना पटलं. मला मात्र शिकवता शिकवता दुसरंच सुचलं.

दुपारी जेवणं चालली होती. मी माशांचं हुमण वाढता वाढता म्हटलं, "मामा, माझं पणजीचं देवाला विचारूया?"

नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला. तो पाळी गावातल्या खाणीवर कामाला. पावसात खाण बंद, म्हणून घरीच होता.

"इचारुया," मामा म्हणाले. "देवापरस मी मोठो नाय."

मामा आमच्या गावचे गावकार. गाऱ्हाणं त्यांनीच घातलं आणि खरं सांगते, प्रामाणिकपणे घातलं, एक शब्द वाकडा नाही. गुरवाने पाकळ्या लावल्या. डावी हलल्यासारखी वाटली. मग उजवी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली. मी सगळ्यांसमोर रडले. मामांनीही हात जोडले.

मी ट्रंक भरायला घेतली.

"बाय, लावणी होवंदी," मामा दारातून म्हणाले.

लावणी झाली. मग नदी चढली म्हणून फेरी बंद. फेरी सुरू झाली, तर सासूबाईंची कंबर धरली. कंबर सुटली, तर श्रावणातले आयतार, म्हणजे रविवार, आले, घरच्या सुनेने पूजेला नको का? तारीख तोंडावर आली तेव्हा मी धीर करून विचारलंच.

"मामा, देवाने होय म्हटलंय ना?"

"म्हटला मां! देवान जावचा म्हटला. केन्ना जावचा, तां खंय म्हटला?"

जायचं हे देवाने सांगितलं होतं, कधी ते मामांच्या हातात राहिलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पण बाबा नाय खंय म्हणतत?" तेही खरंच. 'नाही' म्हटलं असतं तर मी भांडले असते, रुसले असते, माहेरी निघून गेले असते. न मिळालेल्या नकाराशी भांडायचं कसं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. तारीख गेली. जागाही गेली.

त्या दिवशी जेवून उठताना मामांना आठवण झाली. "बाय, उजवी पडल्या, देवाचो नारळ देवचो रवलो हां."

सासूबाईंनी परसात नारळ सोलायला घेतला. मी बाजूला नुसतीच उभी होते.

"माकाय उजवीच पडलेली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "लग्नाक वरीस झाला नाय, आवय आजारी म्हणान माहेरसून सांगणा इला. तुझ्या मामांच्या बापाशीन कौल लायलो."

"मग?"

"भात कापून झाला काय धाडतंय म्हणाले. भात कापीसर आवय गेली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतलंय? उजवी पडल्ली मां. नारळ दिलंय."

त्यांनी शेंडी नीट पुसून नारळ माझ्या हातात ठेवला. म्हणजे ही युक्ती मामांची नव्हतीच, ती त्यांना वारशाने आली होती. देवळाच्या वाटेने चालताना मी म्हटलं, आज गाऱ्हाणं मीच घालते. पायरीवर पोचले आणि थांबले. मागायचं काय? देवाने निकाल आधीच माझ्या बाजूने दिला होता.