थोरल्या मामांचा स्पॅनिश जनरल

अख्ख्या वसई तालुक्यात स्पेनच्या लष्कराची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा थोरला मामा आहे. शाळेत असताना एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरांनी त्यांना कुठल्याशा जनरलची गोष्ट सांगितली. फादर केव्हाच देवाघरी गेले. जनरल मात्र मामांच्या माणिकपूरच्या घरी कायमचा मुक्कामाला आला. हा गृहस्थ क्युबात लढला, फिलिपिन्समध्ये लढला, मोरोक्कोत लढला. प्रत्येक ठिकाणी सपाटून मार खाल्ला आणि प्रत्येक वेळी छातीवर एक पदक वाढवून घरी परतला. अशी बढती मला माझ्या ऑफिसात मिळती, तर मी अजून एव्हरशाईन कॉलनीतल्या खुराड्याएवढ्या फ्लॅटात राहिलो नसतो. "हरला म्हणू नका, जावईबापू," मामा बोट उगारून बजावतात, "शिस्तीत मागं आला!"

मामा स्वतःही सगळं शिस्तीत करतात. सातिवलीच्या खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोक्यांचे किल्ले रचून कामगारांना मोरोक्को समजावत. बाजारात पापलेट घ्यायचं असलं की आधी पापलेटवालीकडे ढुंकूनही न बघता थेट दुसऱ्या टोकाला जातात. "ही हूल," असं माझ्या कानात सांगतात. तोवर पापलेटं संपतात आणि आम्ही मांदेली घेऊन शिस्तीत मागं येतो. मयताच्या घरीसुद्धा त्यांना क्युबा आठवतो. "त्या मेल्या जनरलला एकदाचं पुरून टाका हो," मामी वैतागून म्हणते. पण गंमत अशी की गोष्ट स्पेनमधल्या यादवीपर्यंत आली, जनरलचा सख्खा भाऊ समोरच्या फौजेत उभा राहिला, की मामांना हटकून खोकला यायचा. "पुढचं पुढे," म्हणत ते उठून जायचे.

कारण सगळ्या घराला ठाऊक होतं. मामांची स्वतःची यादवी कुंपणापलीकडेच होती. वाडीच्या वाटणीत विहीर धाकट्या मामांकडे गेली आणि त्या दिवसापासून दोघा भावांत शब्द नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला एक पहिल्या बाकावर, दुसरा शेवटच्या. त्यातच थोरल्या मामांच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरच्या विहिरीचं पाणी वाजतगाजत आणून नवरीला न्हाऊ घालतात. लेक हट्टालाच पेटली. "आजी ज्या पाण्याने न्हाली तेच मला हवं. काकांकडे जाऊन मागा, नाहीतर न्हाणंच नको." आता आली का पंचाईत? जनरलने कधी कुणाकडे काही मागून घेतलंय?

मग मोहीम ठरली. केळीच्या बागेतून, मागच्या वाटेने, गुपचूप जायचं आणि पाणी घेऊन पसार व्हायचं. निघालो खरे, पण रीत म्हणजे रीत, म्हणून सोबत ब्रास बँड होताच! छापा घालायला ढोल आणि क्लॅरिनेट घेऊन निघालेली जगातली ही पहिलीच फौज असेल. पुढे मामा ओठांवर बोट ठेवून, मधे मामी रिकामी कळशी घेऊन, आणि मागे बँड जीव तोडून वाजवतोय.

विहिरीपाशी धाकटे मामा उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा. कठड्याला झेंडूच्या माळा आणि त्यावर पाण्याने भरलेली कळशी. बँड आपोआप बंद पडला.

"किती उशीर, दादा?" धाकटे मामा म्हणाले. "पोरीचं पानी कवापासून काढून ठेवलंय."

मामांच्या डावपेचांत हा प्रसंग कुठेच नव्हता. त्यांनी ओठांवरचं बोट खाली घेतलं. मग भावाचा खांदा धरून ते सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. माझेही डोळे भरले, उगाच खोटं कशाला बोलू?

लग्नानंतर मामा जनरलचं नाव काढेनासे झाले. ज्याला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्यावाचून मलाच चुकल्यासारखं वाटू लागलं. परवा ओट्यावर बसलो असताना मी होऊन विचारलं, "मामा, त्या यादवीत पुढे काय झालं हो?"

मामांना खोकला आला नाही. कुंपणापलीकडे बघत ते म्हणाले, "जनरल तेवढी एकच लढाई जिंकला. भाऊ तिच्यात गेला."

मग त्यांनी चपला घातल्या आणि विहिरीच्या वाटेला लागले. "धाकट्या, चहा टाकलास का रे?" त्यांनी अर्ध्या वाटेवरूनच हाक मारली, आणि पलीकडून ओ आली.