घागर आधी घरी

तंजावरचं राज्य खालसा होऊन पन्नास वर्षं झाली, तरी सेतुरामराव ओळख देताना आजोबांपासून सुरुवात करत. आजोबा राजवाड्यात भांड्यांच्या कोठीवर होते. नातू कुंभकोणमला पितळी घागरींच्या कारखान्यात मेस्त्री.

त्यांचा नियम एकच. दर गुरुवारी प्रत्येकानं, मेस्त्रीनंसुद्धा, स्वतः सांधलेली एक घागर घरी न्यायची. बायकोनं ती कमरेवर घेऊन कावेरीचं पाणी आणायचं. लुगडं भिजलं, तर नवरा आठवडाभर शिकाऊंच्या रांगेत.

कारागीर स्वामीनाथाची बायको शिवकामी तीन गुरुवार ओली आली.

"उद्या त्याला काढ," मालक चंद्रमौळी म्हणाले.

सेतुरामराव स्वामीनाथासमोर जाऊन बसले. तो सांधा हातभर लांब धरून झाळत होता.

"डोळे गेले काय रे?"

"गेले नाहीत, मेस्त्री. जरा लांब राहायला गेलेत." त्यानं शेजारच्याच्या घागरीवर टिचकी मारली. "ही गळेल."

पाणी भरलं. गळली.

सेतुरामराव मालकांकडे गेले. "ऐया, ह्याला झाळायला नको. घागरी ऐकायला बसवतो."

"कान पाहून माणूस ठेवायचा?"

"डोळे पाहून काढत होतात की."

चंद्रमौळींनी पानाला चुना लावला. "बसव. एकदा चुकला की घरी."

पुढच्या गुरुवारी स्वामीनाथानं वीस घागरी वाजवल्या. एकोणीस उजवीकडे गेल्या. विसावी त्यानं दोनदा वाजवली, मग डावीकडे ठेवली.

"कुणाची?" मालकांनी विचारलं.

"माझी," सेतुरामराव म्हणाले.

"मेस्त्रीची घागर गळते? म्हणजे हा चुकला."

स्वामीनाथ पंचा झटकून उठू लागला.

"बैस," सेतुरामराव म्हणाले. "घागर आधी घरी जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुरामरावांच्या पत्नी अंबाबाई कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. त्या याआधी तिथे कधी आल्या नव्हत्या.

"अहो, वाटेत नागेश्वराच्या देवळापाशी कळलें. घरी जाऊन सांगावें म्हटलें, तर तुम्ही निघालांत."

"काय कळलें?"

अंबाबाई वळल्या. कमरेपासून टाचेपर्यंत लुगडं ओलं होतं.

चंद्रमौळींनी स्वामीनाथाकडे पाहिलं, मग पानदानाकडे.

सेतुरामरावांनी पागोटं खुंटीला अडकवलं आणि शिकाऊंच्या रांगेत शेवटची जागा घेतली. त्या आठवड्यात त्यांनी आठ घागरी सांधल्या. स्वामीनाथानं पाच उजवीकडे ठेवल्या.